फरशी सैल होती

ऑगस्ट २००४, अथेन्स. ऑलिम्पिकमधील १० मीटर एअर रायफल स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत २१ वर्षांच्या अभिनव बिंद्रा यांनी ६०० पैकी ५९७ गुण मिळवले आणि तिसऱ्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली. अंतिम फेरीच्या १० नेमांत मात्र त्यांच्या वाट्याला ९७.६ गुणच आले. आठ अंतिम स्पर्धकांत हे सर्वांत कमी होते. एकूण क्रमांक सातवा लागला.

आपल्याकडे अशा पराभवाचे निदान आधीच ठरलेले असते: मोक्याच्या क्षणी आत्मविश्वास ढळला. बिंद्रा यांना पुढे कळले ते वेगळेच होते. ज्या जागी उभे राहून त्यांनी नेम धरला, तेथील फरशी सैल होती. या खेळात दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दहा मीटरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे एका अंशाचा सुमारे साडेतीनशेवा भाग. पायाखालची जमीन किंचित हलली, तरी एवढा फरक सहज पडतो.

खेळाडू हरला की आत्मविश्वास कमी पडला आणि जिंकला की तो भरपूर होता, असे निकाल पाहून म्हणणे सोपे असते. पण निकालानंतर दिलेले स्पष्टीकरण तपासता येत नाही. ते तपासण्याजोगे व्हावे यासाठी आधी आत्मविश्वासाचे मोजमाप हवे होते. त्याची पायाभरणी १९७७ साली मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी केली. ‘माझ्यात खूप आत्मविश्वास आहे’ ही ढोबळ भावना त्यांनी बाजूला ठेवली आणि नेमका प्रश्न विचारला: हे विशिष्ट काम मी करू शकेन, याची मला कितपत खात्री आहे? या खात्रीला त्यांनी ‘सेल्फ-एफिकसी’ म्हटले. मराठीत ‘स्वक्षमतेची खात्री’ म्हणता येईल. तिचे त्यांनी चार स्रोत सांगितले: स्वतः केलेली कामगिरी, इतरांना करताना पाहणे, कोणी दिलेला धीर आणि आपल्या शरीराच्या स्थितीची जाणीव. यांत सर्वांत बलवान पहिला. सापांची तीव्र भीती असलेल्या माणसांवरील त्यांच्या प्रयोगांत, दुसऱ्याला साप हाताळताना नुसते पाहणाऱ्यांपेक्षा स्वतः टप्प्याटप्प्याने साप हाताळणाऱ्यांची खात्री अधिक वाढली होती.

दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, वाइनबर्ग, गूल्ड आणि जॅक्सन यांनी ही कल्पना शारीरिक कसोटीवर आणली. पाय ताणून जास्तीत जास्त वेळ धरून ठेवायचा, अशी ही स्पर्धा होती. समोरचा प्रतिस्पर्धी खरे तर संशोधकांचाच माणूस होता. काही सहभागींना तो गुडघा दुखावलेला असल्याचे भासवले गेले, तर काहींना तो कसलेला धावपटू असल्याचे. सर्वांचा पराभव होईल, अशी व्यवस्था आधीच केलेली होती. प्रतिस्पर्धी दुबळा आहे असे मानणाऱ्यांनी पाय अधिक वेळ धरला आणि पहिल्या पराभवानंतरही ते नेटाने टिकले. स्नायूंना कोणताही सराव दिलेला नव्हता. बदलली होती ती केवळ समजूत.

येथवर ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ हा उपदेश खरा ठरताना दिसतो. पण १९८२ मध्ये डेबोरा फेल्ट्झ यांनी बाणाची दिशाच तपासली. महाविद्यालयीन विद्यार्थिनींना त्यांनी पाण्याकडे पाठ करून सूर मारण्याचे चार प्रयत्न करायला लावले. पहिल्या प्रयत्नाचा अंदाज स्वक्षमतेच्या खात्रीवरून सर्वांत चांगला बांधता आला. त्यानंतर मात्र आधीचा प्रत्यक्ष प्रयत्न हाच पुढच्या प्रयत्नाचा अधिक चांगला निदर्शक ठरला. खात्रीमुळे कामगिरी घडते. पण कामगिरीमुळे खात्री अधिक घडते.

हा परिणाम केवढा असतो, हेही पुढे मोजले गेले. वुडमन आणि हार्डी यांनी २००३ मध्ये ४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. स्पर्धेच्या वेळचा आत्मविश्वास आणि कामगिरी यांच्यातील सरासरी सहसंबंध ०.२४ निघाला. त्याचा वर्ग केला तर सुमारे ०.०६ येतो. म्हणजे कामगिरीतील चढउतारांपैकी जेमतेम सहा टक्के भाग आत्मविश्वासाशी जोडता येतो. अव्वल स्तरावर, जेथे दशांश गुणावर पदक ठरते, तेथे सहा टक्के मोलाचे आहेत. पण हरलेल्या प्रत्येकावर ‘मन कच्चे’ असा शिक्का मारण्याला या आकड्याचा आधार नाही. २०१० मध्ये वुडमन आणि सहकाऱ्यांनी दोरीवरच्या उड्यांत निपुण असलेल्यांचा आत्मविश्वास मुद्दाम थोडा कमी केला, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. थोडी शंका माणसाला सावध ठेवते.

अथेन्सनंतरच्या चार वर्षांत बिंद्रा यांनी मनाच्या तयारीकडेही शास्त्र म्हणून पाहिले. दक्षिण आफ्रिकेचे मानसशास्त्रज्ञ टिमोथी हार्कनेस यांच्यासोबत त्यांनी काम केले. मेंदूतील विद्युत लहरी पाहत एकाग्रतेचा सराव करण्याची न्यूरोफीडबॅक पद्धतही वापरली. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये अंतिम फेरीचा शेवटचा नेम उरला, तेव्हा ते आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळू शकतात. हॅकिनेन यांचा नेम ९.७ वर गेला. बिंद्रा यांचा १०.८ वर. एकूण ७००.५ गुणांसह भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले.

टोकियोत २०२१ मध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या प्राथमिक फेरीत मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तेव्हा सतरा वर्षांपूर्वीचीच टीका नव्याने ऐकू आली: दडपण झेपले नाही. २०२४ मध्ये पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक जिंकले आणि दोन दिवसांनी सरबज्योत सिंग यांच्यासोबत मिश्र सांघिक प्रकारात दुसरे.

सैल फरशी आणि बिघडलेले पिस्तूल ही दोन्ही कारणे मनाबाहेरची होती. विज्ञानात उपकरण तपासल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. खेळाडूच्या मनाविषयी बोलतानाही आधी त्याच्या पायाखालची फरशी पाहावी, एवढी शिस्त प्रेक्षकांनी पाळायला हवी. आणि परीक्षेला किंवा स्पर्धेला निघालेल्या विद्यार्थ्याला ‘आत्मविश्वास ठेव’ असे सांगण्याआधी, तो ज्यातून तयार होतो ते छोटे, जमणारे, क्रमाने अवघड होत जाणारे काम त्याच्या हाती द्यायला हवे.