माहूरच्या मुलखातील नेत्रशस्त्रे

पैनगंगेच्या काठी, सागवानाच्या डोंगरांत माहूर वसलेले आहे. शिखरांवर रेणुका, दत्तात्रेय आणि अनसूया यांची अधिष्ठाने, आणि शेजारी जुना बलदंड किल्ला. अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यात याच नावाचे एक सरकार होते. पुढे निजामाच्या राज्यात हा भाग किनवट तालुक्यासह आदिलाबाद जिल्ह्याच्या दप्तरी लागला, आणि 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेडकडे आला. सुभे बदलले, जिल्हे बदलले, अंमल बदलला. परंतु प्रत्येक अमदानीत माहूर त्या त्या मुलखाच्या सरहद्दीवरच राहिले, आणि सदरेपासून दूर असलेल्या गावांच्या वाट्याला जे येते तेच याही गावाच्या वाट्याला आले, म्हणजे वसुलीची माणसे वेळेवर पोहोचली आणि वैद्यकाची साधने फार उशिरा.

नेत्रशस्त्रांचा इतिहास ग्रंथांत वाचला तर तो टोकांचा आणि पात्यांचा इतिहास वाटतो. माहूरच्या डोंगरावरून त्याच्याकडे पाहिले म्हणजे तो मुख्यतः अंतराचा इतिहास ठरतो: शस्त्र रुग्णाच्या दारी येणार, की रुग्णाने शस्त्राच्या दारी जायचे, या एका प्रश्नावर आमच्याकडील कित्येक पिढ्यांची दृष्टी अवलंबून राहिली. रेणुकेचे येथील रूप म्हणजे केवळ मुखवटा. त्या शेंदरी मुखावरील विशाल नेत्रांपुढे उभे राहून आपल्या किंवा आपल्या माणसाच्या दृष्टीसाठी पदर पसरणारी बाई ज्याने पाहिली असेल, त्याला देवीला चांदीचे डोळे वाहण्याचा नवस महाराष्ट्रात इतका का रुजला हे समजावून सांगावे लागत नाही. जेथे दुसरा उपाय पोहोचत नव्हता तेथे तो नवस हाच उपाय होता.

आणि तरीही शस्त्राचा उपाय या देशात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत. यंत्रे म्हणजे धरण्याची, ओढण्याची, आधार देण्याची बोथट साधने, आणि शस्त्रे म्हणजे छेदणारी. उत्तरतंत्रात नेत्रांचे शहात्तर रोग मोजले असून, ज्याला आपण मोतीबिंदू म्हणतो त्या लिंगनाशावरील शस्त्रकर्म इतक्या बारकाईने वर्णिले आहे, की लिहिणाऱ्याने ते स्वतः केलेले असावे किंवा करणाऱ्याच्या हाताशी बसून पाहिलेले असावे याविषयी माझ्या मनात शंका राहत नाही. शलाका आठ अंगुळे लांब असावी, तिच्या मध्यभागी सूत गुंडाळलेले असावे, जाडी अंगठ्याच्या पेराएवढी, आणि दोन्ही टोके कळीच्या आकाराची. ती तांब्याची, लोखंडाची अथवा सोन्याची करावी. तिचे दोषही सांगितले आहेत: शलाका खरखरीत असेल तर शूळ उठतो, टोक जाड असेल तर व्रण मोठा होतो, आणि ते अति तीक्ष्ण असेल तर अनेक प्रकारे इजा होते.

काळ असा निवडावा की उष्णताही फार नाही आणि थंडीही फार नाही. रुग्णाला बसवून, जखडून, स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहण्यास सांगावे. उजव्या हाताने डावा डोळा वेधावा आणि डाव्या हाताने उजवा, म्हणजे वैद्याचे दोन्ही हात सारखेच तयार असले पाहिजेत. बुबुळापासून पांढऱ्याचे दोन भाग सोडून, बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूने, शिरा टाळून यवमुखी शलाका आत घालावी. वेध बरोबर बसला तर किंचित ध्वनी होतो आणि पाण्याचा एक थेंब बाहेर येतो. मग स्त्रीदुग्धाने डोळा शिंपावा, टोकाने आतील दोष खरवडावा, दुसरी नाकपुडी दाबून रुग्णाकडून जोराने श्वास बाहेर टाकवावा, आणि त्याला पदार्थ दिसू लागले की शलाका हळूच काढून घ्यावी. नंतर तूप, पट्टी आणि उताणे निजणे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे या सर्वांस मनाई. या अखेरच्या सूचनांचे मोल आज कोणत्याही नेत्ररुग्णालयातील परिचारिका सांगू शकेल, कारण खोकल्याने डोळ्यातील दाब वाढतो आणि ताजी जखम उघडते, हे सत्य दोन हजार वर्षांत बदललेले नाही.

शलाकेचे काम एवढे एकच नव्हते आणि शलाका हे एकटेच साधन नव्हते. डोळ्याच्या पांढऱ्यावरून बुबुळावर चढणारा मांसल पडदा, ज्याला आपल्याकडे वडस म्हणतात आणि ग्रंथांत अर्म, तो काढताना आधी मिठाच्या चूर्णाने त्यास सैल करावे, मग गळासारख्या वाकड्या बडिशाने अथवा मुचुंडी नावाच्या चिमट्याने तो अलगद उचलावा, आणि मंडलाग्र या गोल टोकाच्या शस्त्राने छेदावा, असा क्रम आहे. धरण्याचे साधन वेगळे, उचलण्याचे वेगळे, कापण्याचे वेगळे: ही विभागणी आजच्या शस्त्रक्रियागृहातील तबकातही जशीच्या तशी आढळते.

मोतीबिंदूच्या त्या प्राचीन कर्माची मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याने डोळ्यातील धूसर झालेला मणी बाहेर निघत नसे. तो दृष्टीच्या मार्गातून ढकलला जाऊन डोळ्याच्या तळाशी जाई. उजेड परत येई, माणसे ओळखू येत, आणि हा चमत्कार शस्त्र बाहेर काढता काढता घडत असल्यामुळे पाहणाऱ्याचा विश्वास तत्काळ बसे. पुढे पुष्कळांच्या डोळ्यांत दाह होई, पू होई, किंवा दाब वाढून काचबिंदूने उरलेसुरले तेज जाई; पण तोपर्यंत सळईवाला पुढच्या गावी गेलेला असे. ग्रंथातील विद्या वैद्यांच्या घराण्यांतून निसटून फिरस्त्यांच्या झोळीत गेली तेव्हा शलाका तीच राहिली, तिच्याभोवतीचा विधिनिषेध गळाला. उत्तरेत या लोकांना सथिये म्हणत. निजामाच्या मुलखात हकीम आणि जर्राह यांचा दबदबा होता, आणि जत्रा-यात्रा हे अशा सर्व फिरस्त्यांचे स्वाभाविक ठाणे असे. मद्रासचे नेत्रशल्यविशारद रॉबर्ट हेन्री इलियट यांनी या कर्माने बिघडलेल्या डोळ्यांचा दीर्घ अभ्यास करून 1918 च्या सुमारास एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. त्यांचा निष्कर्ष कठोर होता आणि योग्यही होता. तथापि त्या फिरस्त्यांवर सगळा दोष ठेवून मोकळे होणे मला मान्य नाही. ज्या गावात दुसरे कोणी येतच नव्हते त्या गावाने दारी आलेल्या सळईस नकार कोणत्या बळावर द्यावा?

जुनी विद्या आणि नवी साधने यांना एकत्र आणण्याचे खरे प्रयत्न ज्याने केले तो राजा मराठी होता, पण तो राहत होता पार तंजावरास. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (1777 ते 1832) आपल्या राज्यात धन्वंतरी महाल उभारला, देशी आणि युरोपीय वैद्यांना एका छपराखाली बसविले, आणि नेत्ररोग्यांची टिपणे ठेवविली. 1827 च्या सुमाराची ही टिपणे आणि रोगट डोळ्यांची रंगीत चित्रे तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात सापडली आहेत. आधी डोळा कसा होता, काय केले, नंतर काय दिसू लागले, अशी नोंद ठेवणे म्हणजे शस्त्रास जबाबदार करणे होय. सळईवाल्याच्या आणि सरफोजींच्या मार्गांतील मुख्य भेद धातूचा नव्हता, या नोंदीचा होता. मराठी वाचकांनी तंजावरच्या या कामाकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

युरोपात यावेळेपर्यंत मार्ग बदलला होता. 1747 साली फ्रान्समध्ये झाक दाविएल यांनी मणी ढकलण्याऐवजी बुबुळाच्या कडेने छेद घेऊन तो बाहेरच काढला. त्यासाठी त्यांना त्रिकोणी पाते, वाकड्या कात्र्या, चपटी पट्टी आणि चिमुकला चमचा असा संचच लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी अरुंद, सरळ पाते प्रचारात आणले, जे बुबुळाच्या एका कडेने आत जाऊन दुसऱ्या कडेने बाहेर निघे आणि वर उचलताच स्वच्छ छेद पडे; 1884 साली कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबाने डोळा बधिर करून दाखविला, आणि रुग्णास जखडण्याची गरज संपली. पंजाबात जालंदर येथे कर्नल हेन्री स्मिथ बोथट आकड्याने बुबुळाच्या खालच्या कडेवर दाब देऊन मणी त्याच्या आवरणासह बाहेर आणीत, आणि हा हातखंडा शिकण्यासाठी अमेरिकेहून डॉक्टर येत. माहूरपर्यंत यातील काही पोहोचावयास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी अंमल संपला, तरी शल्यविशारद आणि त्याची पेटी मोठ्या शहरांतच राहिली. ती पेटी खेड्यांकडे निघाली ती शिबिरांच्या रूपाने. विजापूरकडील बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी यांनी दक्षिणेत फिरत्या नेत्रशिबिरांचा जो पायंडा घातला तो सेवाभावी संस्थांनी सर्वत्र उचलला, आणि 1976 साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर त्यास सरकारी बळ मिळाले. शाळेचे वर्ग रिकामे करावयाचे, दोन मेजे जोडावयाची, पाती स्पिरिटमध्ये बुडवावयाची आणि चिमटे, आकडे, पापण्या फाकवून धरणारी तार पाण्यात उकळावयाची. रुग्ण एकामागून एक आडवे होत, आणि नंतर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या, अशा स्थितीत सतरंजीवर पडून राहत. शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरत. आजही आमच्याकडील वृद्ध माणसे पावसाळ्यात डोळ्याला हात लावू देत नाहीत आणि मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहतात. यातील पहिल्या समजुतीत सुश्रुताच्या ऋतुविचाराचा धागा दिसतो, आणि दुसरी त्या काळची आहे जेव्हा मऊ मणी अखंड काढणे अवघड जाई. आज दोन्हींची आवश्यकता उरलेली नाही, उलट मणी फार पिकू दिला तर तो कठीण होतो, क्वचित सुजतो, आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

त्या शिबिरांचे फळ म्हणजे जाड भिंगाचा चष्मा. मणी काढला की डोळ्याची प्रकाश एकवटण्याची शक्ती जाते, आणि ती सुमारे दहा नंबरच्या चष्म्याने भरून काढावी लागे. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे, पायऱ्या फसवीत. गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यास तो चष्मा किती उपयोगी आणि किती धोक्याचा होता, हे चढण माहीत असणाऱ्यास कळेल. चष्मा फुटला तर दृष्टी पुन्हा गेली.

यावरील उपाय लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी प्रथम केला. महायुद्धात विमानांच्या छतांचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा ते सहन करतो हे त्यांनी पाहिले होते. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी मण्याच्या जागी बसविले. 1967 साली न्यूयॉर्कचे चार्ल्स केल्मन यांनी दंतवैद्याच्या श्राव्यातीत कंपनांच्या साधनावरून कल्पना घेऊन मणी आतल्या आत फोडून शोषून घेणारी सुई बनविली, तेव्हा छेद काही मिलिमीटरांवर आला. 1992 साली मदुराईस ऑरोलॅबने स्वस्त भिंगे बनविण्यास प्रारंभ केला नसता तर हे सर्व आमच्या मुलखासाठी ऐकीव गोष्टच राहिले असते. आजच्या तबकात पापण्या फाकविणारे स्पेक्युलम, अर्धचंद्राकृती क्रिसेंट पाते, आत शिरणारे केराटोम, मण्याच्या आवरणाचे वर्तुळ फाडणारी वाकविलेली सुई किंवा नाजूक चिमटा, उरलेला मऊ भाग धुऊन शोषणारी सिमको नळी, आणि भिंग फिरवून जागी बसविणारा सिन्स्की आकडा असतो. आणि लोक या सर्वास मिळून बिनटाक्याचे ऑपरेशन म्हणतात.

पण कंपनयंत्र आणि सूक्ष्मदर्शक शाळेच्या वर्गात मांडता येत नाहीत. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या साह्याने सात राज्यांत, आणि त्यांत महाराष्ट्रात, जो मोतीबिंदू प्रकल्प झाला, त्याने शस्त्रक्रिया शिबिरांतून काढून कायमच्या शस्त्रक्रियागृहांत नेल्या. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने हे अत्यावश्यक होते आणि मी त्याचे स्वागतच करतो; पण माहूरच्या दृष्टीने अंतर पुन्हा रुग्णाच्या पायांवर आले. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 साली स्थापन झाले, आणि ते येथून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. उदगीरचे लायन्स नेत्ररुग्णालय आणि जालन्याचे गणपती नेत्रालय यांनी तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात हा मध्यममार्ग मराठवाड्यात रुजविला. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून पुन्हा खेड्यांकडे आणि आनंदवनातील कुष्ठरोग्यांकडे वळले. 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दरिद्री मुलखाने वाढविलेला हात त्याच मुलखाच्या डोळ्यांवर फिरावा, यासारखी समाधानाची गोष्ट नाही.

एक काम राहिले आहे, आणि ते शल्यविशारदांचे नाही, आपले आहे. माहूरला शासनाचे एक वस्तुसंग्रहालय आहे. किनवट, हदगाव, पुसद, उमरखेड या पट्ट्यातील जुन्या घरांत, हकीम-वैद्यांच्या पेट्यांत, अंजनाच्या तांब्याच्या सळया, जस्ताचे चिमटे, शिबिरातून मिळालेले जाड भिंगांचे चष्मे आणि हिरव्या झापडी अजून पडलेल्या असतील. मोडीत घालण्यापूर्वी त्या कोणाच्या होत्या, कोणी कोठे वापरल्या, एवढे कागदावर लिहून त्या संग्रहालयाकडे पोहोचत्या कराव्यात. आणि घरातील ज्या वृद्धाचा मोतीबिंदू आपण हिवाळ्यासाठी राखून ठेवला आहे, त्याला या महिन्यातच तपासणीस न्यावे.