जखमेचा काठ

जखमांचा इतिहास सांगणारे बहुधा जखमेकडेच पाहतात. तिच्या काठावरच्या कातडीकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः पायाची जुनी जखम मुख्यतः काठाकडूनच भरत येते. हा काठ पाझरणाऱ्या स्रावाने भिजून पांढराफटक पडला, की जखम भरण्याऐवजी रुंदावत जाते.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ ह्यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ ते हेच. त्या काळी ह्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आसरा आणि मलमपट्टी हीच खरी शुश्रूषा होती.

त्याच सुमारास जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे पॉल उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने जस्तभस्म, जिलेटिन आणि ग्लिसरिन ह्यांचा लेप पायाला लावून वर पट्टी गुंडाळण्याची रीत रूढ केली. ह्या एका पट्टीने दोन कामे साधली. सुजलेल्या शिरांतील रक्त वर चढण्यास आधार मिळाला आणि भोवतालच्या धड कातडीला स्रावापासून आडोसा मिळाला. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालील लालीवर आपण जे झिंकचे मलम लावतो, ते ह्याच घराण्यातले.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. जंतू मरू लागले; परंतु बधिर झालेल्या पायांची संवेदना बहुधा परतली नाही. तेथे दुखणे उलट असते. घाम थांबल्याने कातडी कोरडी पडते, भेगाळते आणि भेगेतून जखम होते. म्हणून जखम नसलेले असे पाय रोज पाण्यात भिजवून, घट्टे हलकेच घासून, ओल्या अंगावरच तेल लावावे लागते. आपल्या शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत अशा रुग्णांची दीर्घकाळ सेवा करणारे माजी नौसैनिक गजानन माने ह्यांना २०२३ साली पद्मश्री लाभली.

१९६२ साली जॉर्ज विंटर ह्यांनी प्रयोगाने दाखविले की, झाकून ओलसर राखलेली जखम उघड्या, सुकलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. मात्र ओल जखमेत हवी, काठावर नको, हे भान त्यानंतर अधिकच आवश्यक ठरले. पट्टी काढताना कातडी सोलली जाऊ नये, हीही तितकीच मोठी चिंता. आपल्याच रेल्वेमार्गावरील शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे ह्यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरली. २००३ साली तो अनुभव शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. न चिकटणारे पान वेदनेविना निघते.

निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर, कारखान्यांचे अंबरनाथ आणि बदलापूर. येथे दिवसभर उभ्याने राबणारे पाय घरोघरी आहेत. अशा पायाला जखम झाली, तर काठावर स्पिरिट वा टिंक्चर ओतू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन कातडी टिपून घ्यावी, झिंकच्या मलमाचा पातळ थर जखमेत नव्हे, भोवती द्यावा आणि पट्टी भिजून वाहण्यापूर्वीच बदलावी. घट्ट पट्टा मात्र पायाचा रक्तपुरवठा डॉक्टरांनी तपासल्यावाचून बांधू नये. मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. जखम भरण्यास महिने लागतील. तोवर तिचा काठ जपणे घरच्यांच्याच हाती आहे.