घाटवाटांवरचे तांडे

राज्य सरकारने २०२१ साली 'कॅराव्हॅन पर्यटना'चे धोरण जाहीर केले. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घ्यायची आणि डोंगरातून, आडगावांतून मुक्काम करीत हिंडायचे, अशी ही कल्पना. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर अशी एखादी गाडी येऊन उभी राहिली की माणसे थांबून पाहतात. 'हे परदेशातलं खूळ' असे म्हणणारेही भेटतात. मला मात्र त्यात नवल वाटत नाही. 'कॅराव्हॅन' हा शब्द मुळात फारसी 'कारवान'वरून युरोपात गेला आणि आता इंग्रजीचा अंगरखा घालून आपल्याकडे आला. आपला त्यासाठीचा शब्द आहे 'तांडा'. आज मला बोलायचे आहे ते सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवणाऱ्या या तांड्यांबद्दल.

आधी आपला मुलूख नजरेसमोर आणा. गणपतीपुळ्याच्या उत्तरेला, थोड्याच अंतरावर, जयगडची खाडी आहे. शास्त्री नदी तिथे समुद्राला मिळते. या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते आत जात, ती संगमेश्वरच्या बाजूला. चिपळूण, राजापूर, खेड ही गावेही अशीच वसलेली. जिथे गलबताची वाट संपते आणि घाटाची चढण जवळ येते, तिथे पेठ उभी राहिली. गलबतातला माल उतरायचा आणि बैलाच्या पाठीवर चढायचा. वर जायचे मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी. खाली यायचे धान्य, गूळ, मिरची, तंबाखू. कोकणात भात पिकते, पण ते वर्षभर पुरत नसे. देशावर धान्य होते, पण मीठ नव्हते. या दोन गरजांच्या मध्ये सह्याद्री उभा होता, आणि तो ओलांडत होते बैल.

हा व्यापार किती महत्त्वाचा होता, हे शिवछत्रपतींच्या एका पत्रावरून कळते. १६७१ साली त्यांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत होते. घाटावरचे उदमी तिकडे वळले, तर स्वराज्यातली बंदरे बसतील, ही महाराजांची चिंता. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, संगमेश्वरच्या मिठाच्या भावाशी त्याचा मेळ बसू द्या, असा त्या पत्राचा आशय. संगमेश्वरचे मीठ हा राज्यकर्त्याच्या काळजीचा विषय होता, आणि ते वर नेणारा बैल हा त्या राज्याच्या अर्थकारणाचा एक पाय होता.

हे बैल हाकणाऱ्यांत अनेक जातींचे लोक होते. पण लांब पल्ल्याची, मोठ्या तांड्यांची वाहतूक म्हटली की नाव येते ते लमाण-बंजाऱ्यांचे. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ, यावरून आला असे अनेक अभ्यासक मानतात. तांड्याचा प्रमुख तो नाईक. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी, गळ्यात घुंगुरमाळा, आणि बैलांबरोबर चालणारी बायकामुले, कुत्री, सारा संसार. मुक्कामाला गोणी उतरवून त्यांची रास रचायची आणि तिच्या आडोशाने रात्र काढायची. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल होते! आपल्या घाटांत इतका मोठा तांडा एका वेळी मावला नसता, पण चालण्याची रीत तीच. दिवसाची मजल जेमतेम दहा किलोमीटरची, कारण बैलांना वाटेत चरायला वेळ हवा. कोल्हापुराहून मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा, निवळीमार्गे आज आपण चारेक तासांत गणपतीपुळ्याला येतो. त्या चालीने हा सुमारे दीडशे किलोमीटरचा पल्ला पंधरा दिवसांचा. आणि तोही उघडिपीतच. पावसाळ्यात घाट बंद. दिवाळीनंतर वाटा वाहू लागत, त्या वळवाच्या पावसापर्यंत.

या चालण्याच्या खुणा अजून दिसतात. राजापूरकडून वर जाणाऱ्या अणुस्कुरा घाटात जुन्या वाटेची फरसबंदी आहे. जनावराचा पाय घसरू नये, म्हणून घातलेले ते दगड. जुन्नरजवळच्या नाणेघाटात तर सातवाहनांच्या काळातला लेख आहे, आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता असे सांगतात. म्हणजे ही रहदारी दोन हजार वर्षांची.

लढाईत तर तांड्यांवाचून कोणाचेच चालत नसे. मोगल असोत, मराठे असोत, फौजेमागे धान्य घेऊन बंजारे चालत. १८०३ साली असईच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीही त्यांच्याच धान्याच्या भरवशावर होता.

मग हे तांडे गेले कुठे? १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली तिथून आगगाडी वर चढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभार्ली, फोंडा, आंबा या घाटांतही गाडीरस्ते झाले. एक बैलगाडी अनेक लादू बैलांचे ओझे ओढते, तिथे गोणीला कोण विचारणार? १८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आली आणि देशावरच्या मालाला दुसरी वाट मिळाली. तांड्यांचा धंदा बसला. पण नुसता धंदा बसून भागले नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, ही त्यामागची दृष्टी. या कायद्याच्या कचाट्यात पुढे ठिकठिकाणचे बंजारेही सापडले. ज्यांच्या धान्यावर साहेबाने लढाया जिंकल्या, त्यांनाच हजेरी द्यायची वेळ आली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही 'विमुक्त जातीं'च्या यादीत आहे, तो त्या इतिहासामुळे.

असेच काहीसे ऑस्ट्रेलियातही घडले. तिथल्या ओसाड मुलखात जाण्यासाठी १८६० साली कराचीहून उंट नेले, बरोबर उंटवालेही गेले. त्या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. पुढची साठेक वर्षे दूरच्या वस्त्यांना रसद पोचली ती उंटांच्या काफिल्यांनी. मोटारी आल्या, आणि १९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्याचा कायदा केला. मात्र तिथल्या एका प्रसिद्ध आगगाडीला 'घान' हे नाव आहे, ते याच उंटवाल्यांवरून पडल्याचे सांगतात.

आपल्याकडे? मुंबई-गोवा महामार्गाच्या कामावर, रत्नागिरीच्या चिरेखाणींवर विजापूर-बागलकोटकडून आलेले मजूर मी पाहतो. त्यांत लमाणीही असतात. रस्त्याकडेला पत्र्याची झोपडी किंवा प्लॅस्टिकचे पाल. "मावशी, गाव कुठलं?" विचारले, की आधी तांड्याचे नाव येते, मग तालुका, मग जिल्हा. ज्यांच्या पूर्वजांनी गोणी लादून डोंगर पार केले, त्यांच्यातलेच काहीजण आज आपल्या गाड्यांसाठी डांबर पसरत आहेत. त्यांची मुले शाळेच्या वयात खडीच्या ढिगावर खेळतात, कारण काम पुढे सरकले की पालही पुढे सरकते.

कॅराव्हॅनच्या पर्यटकांसाठी घाटमाथ्यांवर मुक्कामाच्या जागा होतील, त्या जरूर व्हाव्यात. तिथेच दोन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. आंबा, अणुस्कुरा, कुंभार्ली या घाटांच्या माथ्यावर, कोणती वाट, कोणता माल, कोणते लोक, हे सांगणारा एकेक साधा फलक. आणि त्याच रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी, पालाबरोबर पुढे सरकणारी एक शाळा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)