रानपिंगळ्याची खरी नोंद

आमच्या भडगावात गिरणेच्या काठी दिवेलागणीला पिंगळ्यांचा कलकलाट सुरू होतो. लहानपणी नानी आम्हाला गप्प बसवायची. पिंगळ्याला आपण अपशकुनी ठरवलं आणि त्याला नीट पाहायचं राहून गेलं. आज त्याच्याच एका भावाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव रानपिंगळा.

काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले ॲलन ह्यूम पक्ष्यांचेही मोठे जाणकार होते. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक काढलं. गावोगावचे अधिकारी आपली नोकरी सांभाळून पक्षी पाहत आणि त्यांना कळवत. १८७३ मध्ये ह्यूम यांनी रानपिंगळ्याचं पहिलं वर्णन छापलं. तो पक्षी आजच्या छत्तीसगडात मिळाला होता. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून काही नमुने गोळा केले. त्या काळी पक्षी मारून, कापूस भरून ठेवत. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कुणालाच दिसला नाही.

अपवाद एकच. कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला तो मिळवल्याचं सांगितलं. पुढे शोधणारे त्या नोंदीमागे गेले आणि हात हलवत परतले. अखेर पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला. तो भरण्याची पद्धत थेट डेव्हिडसन यांची होती! ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेल्या पक्ष्याला कर्नलसाहेबांनी नवी चिठ्ठी बांधली होती.

मग रासमुसेन यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या आधी पूर्वेकडे फिरल्या, तिथे काही मिळालं नाही. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो तोरणमाळला, मेळघाटात आणि आपल्या यावल अभयारण्यातही आढळला. २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला.

हे वाचून मीही एकदा पालच्या जंगलात गेलो. एक पिंगळा दिसला. मी फोटो काढला आणि परतताना मित्रांना फोनवर सांगूनही टाकलं. सोबतच्या पावरा तरुणाने फोटो पाहिला आणि हळूच म्हणाला, “चाचा, याच्या डोक्यावर ठिपके आहेत.” रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं असतं, छाती गडद, पोट पांढरं आणि पायांवर दाट पांढरी पिसं. माझा पिंगळा नेहमीचा, गिरणाकाठचाच निघाला. मित्रांना पुन्हा फोन करून चूक कबूल करताना जीभ जड झाली. पण केली.

कारण मांडवीची ती चिठ्ठी डोळ्यांसमोर होती. एका खोट्या नोंदीने जाणकारांना कितीतरी वर्षं भलत्या जंगलात फिरवलं. आज मोबाइलमुळे शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी कुणीही पक्ष्याची नोंद पाठवू शकतो, आणि कोणतं जंगल राखायचं हे ठरवताना अशा नोंदी कामी येतात. रानपिंगळा अजूनही धोक्यात आहे. तेव्हा पिंगळा बोलला की घाबरू नका. त्याला नीट पाहा. तारीख लिहा, ठिकाण लिहा. आणि खात्री नसेल, तर तेही लिहा.