आजार नेमका कुणाचा? : समलिंगी तरुण आणि मानसोपचाराचा उलटा प्रवास

१/
२ मे १९७२. अमेरिकेतील डॅलस शहरात मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले होते. एका परिसंवादात एक विचित्र वक्ता व्यासपीठावर आला. चेहऱ्यावर रबरी मुखवटा, डोक्यावर खोटे केस, अंगात मापापेक्षा मोठा कोट आणि समोर आवाज बदलून टाकणारा ध्वनिक्षेपक. नाव ‘डॉ. एच. अनामिक’. त्याने सुरुवातीलाच सभागृहाला दोन गोष्टी सांगितल्या : तो समलिंगी आहे आणि तो मनोविकारतज्ज्ञही आहे.

२/
मुखवट्याआड होते फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन फ्रायर. ओळख उघड झाली असती तर नोकरी गेली असती, कारण त्यांच्याच व्यवसायाच्या अधिकृत सूचीत समलैंगिकता हा मनोविकार म्हणून नोंदलेला होता. रोग्याच्या यादीत असलेला माणूस वैद्याच्या खुर्चीत बसला होता. आपणच तो वक्ता होतो, हे फ्रायर यांनी जाहीरपणे सांगितले ते १९९४ मध्ये.

३/
‘उपचार’ या शब्दाला त्या काळात काय अर्थ होता, हे पाहिल्याशिवाय मुखवट्याचे प्रयोजन कळत नाही. पुरुषांची छायाचित्रे दाखवून विजेचे झटके देणे, मळमळ आणणारी औषधे टोचणे, अशा ‘तिटकारा उपचारां’ना तेव्हा शास्त्रीय प्रतिष्ठा होती. त्याआधी १९५२ मध्ये ब्रिटनने गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांना तुरुंग किंवा संप्रेरकांची औषधे, असा पर्याय दिला होता. ट्यूरिंग यांनी औषधे पत्करली. दोन वर्षांनी त्यांचा मृत्यू झाला.

४/
या समजुतीच्या मुळावर पहिला शास्त्रीय घाव घातला तो मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी. तोवरचे बहुतेक निष्कर्ष तुरुंगातील वा दवाखान्यातील समलिंगी पुरुषांवर बेतलेले होते. हूकर यांनी उपचार घेत नसलेले ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष निवडले. वय, शिक्षण व बुद्ध्यंक यांत जोड्या जुळवल्या. शाईच्या डागांच्या चाचणीसह इतर चाचण्या घेतल्या आणि नावे झाकून निकाल नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण समलिंगी आणि कोण नाही, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

५/
तरीही सूची बदलायला आणखी १६ वर्षे लागली. डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेच्या विश्वस्त मंडळाने समलैंगिकतेला मनोविकारांतून वगळले. विरोधकांनी सभासदांचे मतदान मागितले. १९७४ च्या त्या मतदानात सुमारे ५८ टक्क्यांनी निर्णयाची पाठराखण केली. जागतिक आरोग्य संघटनेचा असाच निर्णय १७ मे १९९० रोजी झाला.

६/
येथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. समलैंगिकता आजार नसेल, तर समलिंगी तरुणांत नैराश्य, चिंता आणि व्यसने सरासरीहून अधिक का आढळतात? जुन्या मताच्या लोकांना हा आयता पुरावा वाटे. पुष्कळ समर्थक या आकड्यांविषयी बोलणेच टाळत. ते आकडे मान्य करूनही त्यांचा वेगळा अर्थ लावू शकेल, अशा सिद्धांताची गरज होती.

७/
तो ‘अल्पसंख्याक ताण’ या संकल्पनेतून आला. १९८१ मध्ये व्हर्जिनिया ब्रूक्स यांनी समलिंगी स्त्रियांविषयीच्या पुस्तकात ती मांडली. १९९५ मध्ये इलन मेयर यांनी न्यूयॉर्कमधील ७४१ समलिंगी पुरुषांच्या अभ्यासातून तिला आकड्यांचा आधार दिला. २००३ मध्ये त्यांनी सिद्धांताची सविस्तर मांडणी केली.

८/
मांडणी अशी : रोजच्या जगण्याचा ताण सर्वांनाच असतो. परंतु हिणवल्या गेलेल्या गटातील माणसाला त्यावर आणखी एक ओझे वाहावे लागते. त्याचे काही थर बाहेरचे असतात : मारहाण, हेटाळणी, नोकरी नाकारली जाणे. काही आतले असतात : आता नाकारले जाऊ ही सततची धास्ती, खरे रूप लपवण्याची दमछाक, आणि समाजाचा तिरस्कार खरा मानून स्वतःवरच केलेला तिरस्कार. या मांडणीत दुःखाचे मूळ प्रवृत्तीत राहिले नाही. ते परिस्थितीत शोधले जाऊ लागले.

९/
दरम्यान एक भीषण साथ आली होती. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साप्ताहिक आरोग्य अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली गेली. पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या रोगाची ती पहिली अधिकृत नोंद. सरकार संथ असताना १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधील रिचर्ड बर्कोविट्झ आणि मायकेल कॅलन या दोन रुग्णांनी, डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या मार्गदर्शनाने, सुरक्षित संभोगाविषयी पुस्तिका काढली. निरोधाच्या वापराचा आग्रह धरणाऱ्या आरंभीच्या प्रकाशनांत तिची गणना होते.

१०/
मात्र माहितीपत्रके वाटून काम संपले नाही. २००३ मध्ये रॉन स्टॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चार महानगरांतील २,८८१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्य, अमली पदार्थ, बालपणीचे लैंगिक शोषण, जोडीदाराकडून हिंसा : या समस्या एकाच माणसाच्या वाट्याला जितक्या अधिक, तितका एचआयव्हीचा धोकाही अधिक, असे त्यात दिसले. या साथी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मनाचे आरोग्य आणि लैंगिक आरोग्य वेगवेगळ्या दवाखान्यांत हाताळण्याची रीत अपुरी ठरत होती.

११/
याचे साधे उदाहरण पाहावे. निरोध वापरावा, हे एखाद्या तरुणाला पुरेपूर ठाऊक असते. परंतु घरातून, शाळेतून ‘नाही’ ऐकतच तो मोठा झालेला असतो. जवळ आलेल्या माणसापुढे निरोधाचा विषय काढला तर तोही दूर जाईल, ही भीती त्या क्षणी ज्ञानावर मात करते. ती भीती बुजवायला मद्य घेतले जाते आणि मद्याने निर्णय आणखी सैल होतो. २०१२ पासून अमेरिकेत एचआयव्ही टाळणारी गोळीही मिळू लागली. पण ती मागण्यासाठी डॉक्टरपुढे तोंड उघडावे लागते, आणि तोंड न उघडण्याचे शिक्षण तर लहानपणापासून मिळालेले असते.

१२/
या गाठीवरच काम करणारी उपचारपद्धती मानसशास्त्रज्ञ जॉन पॅचँकिस आणि सहकाऱ्यांनी विकसित केली. तिचे नाव ‘एस्टीम’, म्हणजे सन्मान. डेव्हिड बार्लो यांची भावनिक विकारांसाठीची बोधात्मक-वर्तन उपचारपद्धती त्यांनी पायाभूत धरली आणि समलिंगी तरुण व त्यांच्यासोबत काम करणारे तज्ज्ञ यांच्याशी बोलून तिला नवा आकार दिला.

१३/
उपचाराची दहा सत्रे. आरंभी ताणाचा इतिहास उलगडायचा : कोणती लाज कुठून आली, कुणी शिकवली. मग भावना दाबून न टाकता त्यांची नोंद ठेवायची. ‘मला कुणी स्वीकारणार नाही’ यासारखे विचार तपासायचे. टाळाटाळ आणि व्यसन यांमागील भीती ओळखायची. शेवटी प्रत्यक्ष कृती : आपले म्हणणे ठामपणे मांडणे, नकार देणे, निरोधाचा विषय न कचरता काढणे. भीती एकेकाळी खरीच होती, तिने जपलेही, हे मान्य करूनच ती आज कुठे निरुपयोगी झाली ते पाहायचे.

१४/
२०१५ मध्ये न्यूयॉर्कमधील ६३ समलिंगी व उभयलिंगी तरुणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. प्रतीक्षायादीत असलेल्यांच्या तुलनेत उपचार घेतलेल्यांचे नैराश्य, मद्याच्या समस्या आणि निरोधाविना होणारे अनोळखी संबंध घटले. मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५४ तरुणांवरील मोठ्या चाचणीने उत्साहाला मर्यादा घातली. केवळ एचआयव्ही तपासणी व समुपदेशन मिळालेल्या गटाच्या तुलनेत जोखमीच्या वर्तनात ठळक जादा घट सिद्ध झाली नाही. एकाच माणसात साचलेल्या अनेक समस्या एकत्र पाहिल्या, तेव्हा फायद्याची चिन्हे दिसली.

१५/
भारतात ही वाट अधिक काटेरी होती, कारण येथे सूचीबरोबर कायदाही होता. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ लागू असतानाच १९९० मध्ये मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ निघाले आणि १९९४ मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने हमसफर ट्रस्ट उभा राहिला. एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन तेथे एका छताखाली आले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि या विषयावर मराठीतून सातत्याने लिहिले. लाज ज्या भाषेत शिकवली गेली, त्याच भाषेत तिच्याशी बोलणे हेही उपचाराचेच अंग होते.

१६/
२०१८ हे वर्ष निर्णायक ठरले. मानसिक आरोग्य सेवा कायदा अमलात आला आणि लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई झाली. समलैंगिकता आजार नाही, अशी भूमिका भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने घेतली. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्दबातल ठरवले. त्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांमागोमाग, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘रूपांतर उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

१७/
या उपचारांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे : समाज छळणार आणि सहनशक्ती वाढवायची ती पीडितानेच? अल्पसंख्याक ताणाचा सिद्धांत स्वतःच हा आक्षेप पेलतो. मूळ परिस्थितीत असेल, तर कायदा बदलणे, शाळेतील हेटाळणी थांबणे, घरच्यांनी ऐकून घेणे हेही आरोग्याचेच उपाय ठरतात. दहा सत्रे ही त्या बदलाची वाट पाहणाऱ्या माणसासाठी आहेत. त्याने तोवर जगावे, आणि धडधाकट जगावे, म्हणून.

१८/
एकेकाळी उपचारकाने समलिंगी तरुणाला विचारले होते, ‘तुला बदलायचे कसे?’ आज तोच व्यवसाय विचारतो, ‘तुझ्यावर काय गुदरले?’ या दोन प्रश्नांमधल्या अर्धशतकात कितीजणांची आयुष्ये खर्ची पडली, याची नोंद कोणत्याही सूचीत नाही. डॅलसच्या व्यासपीठावरचा तो रबरी मुखवटा मात्र एका माणसापुरता नव्हता. सभागृहात श्रोत्यांमध्ये बसलेले इतर समलिंगी मनोविकारतज्ज्ञ त्या दिवशीही गप्पच होते. त्यांच्या चेहऱ्यांवरचे मुखवटे कुणाला दिसत नव्हते, इतकेच.