लट्टलूर आणि कंधार : राजबिरुदांतील दोन नगरे

युरोपातील जुन्या नगरांना स्वतःचे असे चिन्ह असते. जर्मनीतील म्यूनिक नगराचे नावच मठवासी साधूंवरून पडले. आणि त्या नगराच्या १२३९ सालच्या मुद्रेवर साधूचीच आकृती आहे. राज्यकर्ते बदलले, परंतु चिन्ह नगरापाशीच राहिले.

आपल्या दक्षिणेत याच्या उलट प्रकार आढळतो. येथे लांछन असे ते राजकुलाचे. ध्वज, वाद्य आणि बिरुद ही त्याची सोबती. आणि ती सारी कुलाबरोबर देशोदेशी फिरत. मात्र या बिरुदांतच कधीकधी एखाद्या नगराचे नाव गोवलेले असे. लातूर आणि कंधार या दोन्ही नगरांना हा मान लाभला आहे.

मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे लांछन गरुड होय. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवर तो बहुधा कोरलेला असतो. अमोघवर्षाच्या कारकीर्दीतील शिरूर येथील इ. स. ८६६ च्या शिलालेखात या गरुडलांछनाबरोबरच राजाला लट्टलूरपुराचा स्वामी म्हटले आहे. आता प्रश्न असा उद्भवतो की, ज्याची राजधानी मान्यखेट, त्याने लट्टलूरचे स्वामित्व का मिरवावे? याचे उत्तर हेच की, हे बिरुद राजधानीचे नसून मूळस्थानाचे आहे. हे लट्टलूर म्हणजे मध्य प्रांतातील रतनपूर, असे फ्लीट यांनी सुचविले होते. तो तर्क पुढे मागे पडला. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लट्टलूर म्हणजे लातूरच, असे प्रतिपादन केले. नामसादृश्य आणि या घराण्याचे कन्नड भाषेशी असलेले नाते या दोहोंशीही ते जुळते.

इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांची सत्ता लयास गेली. तथापि बिरुद लोपले नाही. सौंदत्तीचे रट्ट हे चालुक्यांचे मांडलिक. त्यांच्या ताब्यात लातूर नव्हते. तरीही सुवर्णगरुडध्वज, सिंदूरलांछन आणि त्रिवळी वाद्य यांसह ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे पद त्यांनी तेराव्या शतकापर्यंत अभिमानाने धारण केले. भूमी सुटली, पण तिचे नाव सुटले नाही.

कंधारची गोष्ट किंचित निराळी आहे. तृतीय कृष्णाला ‘कंधारपुरवराधीश्वर’ म्हटले जाई आणि तेथील खंदकाने वेढलेल्या भुईकोटाचा आरंभही परंपरा त्याच्याकडेच देते. तेथे बिरुदाला स्थळाची साक्ष मिळते. लट्टलूरच्या बाबतीत कुलाची स्मृती तेवढी साक्षीला उभी राहते.

म्हणून बिरुद वाचून लागलीच राज्याच्या सीमा आखू नयेत. अधीश्वर या शब्दात कधी प्रत्यक्ष सत्ता असते, तर कधी पूर्वजांच्या गावाची केवळ ओढ असते. इतिहासाला दोन्ही मोलाच्याच. मात्र त्या निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत.