नदी, नाला आणि भराव

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्या लेखनाचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, बहुतेक वेळा पाऊसच असतो. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मि.मी.सुद्धा पडला नाही. एवढ्या पावसात कोणतेही शहर कोरडे राहिले नसते, हे मान्यच करावे लागेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न निराळा आहे. पाणी नेमके कोठे तुंबले, आणि तेथे पूर्वी काय होते?

त्या दिवशी असंख्य मुंबईकरांना प्रथमच कळले की आपल्या शहरात मिठी नावाची नदी आहे. तोवर तिचे बोलण्यातले नाव ‘नाला’ असे होते. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन साकीनाका, कुर्ला, धारावी असा सुमारे १८ कि.मी.चा प्रवास करीत ती माहीमच्या खाडीला मिळते. अंतर लहान, उतार शेवटी जवळजवळ नाहीच. अशा नदीचे मुख हे खरे तर एक रेषा नसते, तो एक पसारा असतो. भरतीला पाणी आत पसरते, ओहोटीला माघारी जाते, आणि मधल्या चिखलात तिवरे उभी राहतात. या भूमीला आपल्या किनारपट्टीच्या भाषेत ‘खाजण’ असा नेमका शब्द आहे. खाजण ही धड जमीन नव्हे, धड पाणीही नव्हे, म्हणूनच ती उपयोगाची. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नदीचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. ते पाच-सहा तास कोठेतरी थांबावे लागते. वांद्रे ते कुर्ला या पट्ट्यातील खाजण हे त्या थांबण्याचे ठिकाण होते.

गोव्यातल्या गावकऱ्यांनी अशाच खाजणांत शतकानुशतके भात पिकवला, पण बांधाला ‘मानस’ ठेवून. हे दार भरतीचे पाणी अडवते आणि ओहोटीला आतले पाणी सोडते. जमीन वापरायची, पण पाण्याचा येण्याजाण्याचा हक्क मोडायचा नाही, असा तो व्यवहार.

मुंबईचा इतिहास या उलट दिशेने गेला. अठराव्या शतकात वरळीची खिंड बांध घालून बुजवली गेली. १८४० च्या दशकात माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांधरस्ता झाला. लेडी अवाबाई जमशेटजी यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिल्यामुळे तो पुरा झाला. होडीने खाडी ओलांडणाऱ्यांसाठी तो उपकारच होता. दीडशे वर्षांनंतरच्या ज्ञानाने त्या दानशूर बाईंना दोष देणे हा शुद्ध अन्याय होईल. तरी नदीच्या मुखाशी गळफास बसण्याची सुरुवात तेथेच झाली, हेही नाकारता येत नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली आले, तेव्हा शहरात समुद्र भरून काढणाऱ्या कंपन्यांच्या समभागांना ऊत आला होता. १८६५ साली त्या कोसळल्या, भरावाची हौस मात्र टिकली.

या हौसेला मिळालेला शब्द पाहण्यासारखा आहे. ‘रिक्लमेशन’ म्हणजे आपले गेलेले परत मिळवणे. जणू समुद्राने आपली जमीन कधी काळी चोरली होती! मराठीतला ‘भराव’ हा शब्द अधिक प्रामाणिक. पण आपण वांद्र्याला ‘रिक्लमेशन’ म्हणूनच उतरतो.

स्वातंत्र्योत्तर काळात गती वाढली. १९७७ साली वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला मिळाले आणि खाजणावर भराव पडून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. विमानतळापाशी तर नदीला काटकोनात वळवण्यात आले, धावपट्टीखालून ती नेण्यात आली. वेगाने येणारे पाणी काटकोनात वळत नाही, ते काठ सोडते, एवढे समजण्यास अभियंता असावे लागत नाही. वरच्या अंगाला मातीच्या जागी डांबर आणि काँक्रीट आल्याने पावसाचे पाणी मुरेनासे झाले. जे पूर्वी रेंगाळत येई ते एकदम येऊ लागले. शहराची गटारे ताशी २५ मि.मी. पावसापुरतीच आहेत, त्यांची क्षमता दुप्पट करावी, असे ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ सालीच सुचवले होते. प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या समितीनेही नदीच्या आक्रसण्याकडे बोट दाखवले.

आम्हा भाषेच्या शिक्षकांना येथे आणखी एक गोष्ट खटकते. प्रलयानंतर सर्वाधिक वापरला गेलेला शब्द होता ‘अतिक्रमण’. तो झोपड्यांना लावला गेला, आणि काठावरच्या अनेक झोपड्या हटवण्यातही आल्या. त्यांनी पात्र अरुंद केले होते यात शंका नाही. पण व्यापारी संकुलाला आणि धावपट्टीला तो शब्द लागला नाही. त्यांच्यासाठी ‘विकास’ होता. पाण्याच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही. असलाच तर आकाराचा, आणि त्यात झोपडी फार मागे पडते.

२००५ नंतर प्राधिकरण स्थापन झाले, पात्र रुंद आणि खोल करण्यात आले, दोन्ही काठांना भिंती बांधल्या गेल्या. भिंतीने नदीला रेषा मिळाली, पसरायला जागा मिळाली नाही. अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी ‘सोक’ या २००९ च्या ग्रंथात मुंबईला बेट न मानता खाडीमुख मानून पाहावे, असे मांडले होते. आराखडे काढणाऱ्यांपर्यंत ती मांडणी पोहोचलेली दिसत नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठीची पातळी पुन्हा धोक्याच्या खुणेपाशी आली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील शेकडो रहिवाशांना घरे सोडून हलावे लागले.